मेरी अक्कांची चाकावरची भट्टी

बेंगळूरच्या बेकरीवाल्यांत मला सगळे 'ओले राव' म्हणायचे. कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल, भट्टी. पुण्याकडचा कुणी नवा माणूस हे नाव ऐकायचा आणि माझ्या कपड्यांकडे बघायचा, की हे गृहस्थ भिजले कुठे? मी सांगायचो, "अहो, ओला नाही, ओलेवाला. भट्ट्या बांधतो." मग त्यांना वीटभट्ट्या वाटायच्या. शेवटी मी समजावणं सोडून दिलं. भिजलेला तर भिजलेला.

आमचं घराणं बेळगावकडून इकडे आलं त्याला चार पिढ्या झाल्या. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दोन्हीची सरमिसळ तोंडात. माझे वडील, अप्पा, बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधायचे. मी त्यांच्याकडे शिकलो. दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल लिहा, शुद्धलेखन आम्ही बघू." म्हणून धीर केला.

बेकरीची भट्टी ज्यांनी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ती विटांची एक बुटकी गुहा असते, वर घुमट. आग आणि पाव यांची जागा एकच. आधी आत लाकडं पेटवायची. आमच्याकडे सुरूची किंवा निलगिरीची. तीन-चार तास जळू द्यायची. मग निखारे बाहेर ओढायचे, लांब काठीला ओलं गोणपाट बांधून आतली जमीन पुसायची, आणि तोंड बंद करून भट्टीला थोडा वेळ गप्प बसू द्यायचं. विटांनी जी धग पोटात धरून ठेवली तिच्यावर पाव भाजतो. अप्पा म्हणायचे, पाव भाजायला आग लागत नाही, आग होऊन गेलेली लागते. धग किती आहे ते बघायला आम्ही आत चिमूटभर मैदा टाकायचो आणि आकडे मोजायचो. दहाच्या आत काळा पडला तर थांबा. विसापर्यंत बदामी झाला तर पाव सारा. आधी पाव, मग बन, मग केक, आणि सगळ्यात शेवटी, भट्टी दमली की टोस्ट.

ही धग टिकावी म्हणून जमिनीखाली मीठ आणि फुटक्या काचा यांचा थर घालतात. घुमटाच्या विटा माती, चुना आणि गुळाच्या पाण्यात बसवतात. बांधून झाली की आठ-दहा दिवस अगदी लहान जाळ करून तिला सवय लावावी लागते. घाई केली की तडकते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. जे. पी. नगरात एका गृहस्थांनी बेकरी काढली. वास्तू बघणाऱ्याने सांगितलं, भट्टीचं तोंड पूर्वेला हवं. पूर्वेला दुकानाचं दार. म्हणजे रस्त्यावरचा वारा सरळ भट्टीत. मी तीनदा बजावलं. ते म्हणाले, "राव, तुम्ही विटा लावा, दिशा आम्ही बघतो." उद्घाटनाच्या दिवशी भट्टी पेटवली आणि सगळा धूर धुराड्याकडे पाठ फिरवून दुकानात आला. सत्यनारायणाचा प्रसाद लोकांनी खोकत खोकत खाल्ला. आठ दिवसांनी मला बोलावणं. "राव, स्वल्प वळवता येईल का?"

भट्टी वळवता येत नाही. एकदा बांधली की ती जागा सोडत नाही. मी दुकानाचं दार दुसऱ्या भिंतीत काढून दिलं.

वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत मी हेच धरून चाललो होतो, की भट्टी जागा सोडत नाही. मग मेरी अक्का आल्या.

मेरी अक्कांची बेकरी दंडूत, म्हणजे कँटोन्मेंटच्या बाजूला, चर्चच्या मागच्या गल्लीत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. साठीच्या बाई, बारीक अंगाच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बेकरी चालवायच्या त्या एकट्याच, हाताखाली दोन कामगार. त्यांची भट्टी माझ्या अप्पांनी बांधलेली, त्यामुळे डागडुजीला मी जायचो.

त्या गल्लीत एक रीत होती. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात घराघरांतून बायका केकचं मिश्रण घरी कालवायच्या आणि डबे घेऊन अक्कांकडे भाजायला यायच्या. ख्रिस्ती तर यायच्याच, शेजारच्या मुदलियारांच्या यायच्या, एक-दोन मुसलमान घरंही. डब्यांवर खिळ्याने नाव कोरलेलं. अक्कांना मात्र नाव वाचावं लागायचं नाही, डबा बघून घर ओळखायच्या. चार-पाच दिवस त्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. बायका भट्टीसमोर बाकावर बसून गप्पा मारायच्या, भांडायच्या, एकमेकींच्या मिश्रणात बोट घालून चाखायच्या.

त्या वर्षी, नव्वदच्या दशकाचा मध्य असेल, घरमालकाने ती जागा इमारतीसाठी दिली. दिवाळीनंतर पाडणार म्हणाले. अक्का माझ्याकडे आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "राव, माझी भट्टी उचलून द्या."

मी हसलो. "अक्का, भट्टी काय ट्रंक आहे?"

त्या हसल्या नाहीत. "बेकरी गेली तर जाऊ दे. मला आता रोजचं होत नाही. पण डिसेंबरला या बायका कुठे जातील? यंदा नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही. सगळ्या घरात विजेचे छोटे ओव्हन घेतायत." मग थांबून म्हणाल्या, "माझ्याकडे माणसं डिसेंबरातच येतात, राव. बाकी वर्षभर गिऱ्हाईक येतं."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आमच्या माडीवर राहणाऱ्या देशपांडे बाई खाली दळण घ्यायला आल्या होत्या. या पुण्याच्या, इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायच्या. मराठी माणसांच्या घरात जागा मिळाली म्हणून खूश होत्या. आमचं मराठी मात्र त्यांना गमतीचं वाटायचं. त्या ऐकून म्हणाल्या, "हणमंतराव, ॲक्च्युअली चाकावरची भट्टी असते. म्हणजे असायची. युरोपात, मध्ययुगात. मी पिक्चर दाखवते तुम्हाला."

दोन दिवसांनी त्यांनी लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकातून चित्राची झेरॉक्स आणली. सहाएकशे वर्षांपूर्वीचं चित्र. दोन चाकांची ढकलगाडी, तिच्यावर घुमटासारखी भट्टी, तोंडातून ज्वाळा. एक माणूस लांब दांड्याच्या फळीने काहीतरी आत सारतोय. शेजारी आडव्या काठीवर वेटोळं घातलेले पाव टांगलेले.

मी ते चित्र घेऊन अंगणात उजेडात बसलो. बाई सांगत होत्या. तळ्याकाठचं एक गाव होतं, तिथे धर्मगुरूंची मोठी सभा भरली, काही वर्षं चालली. हजारो परकी माणसं आली. गावातल्या बेकऱ्यांना पुरेना. तेव्हा बाहेरगावचे बेकर गाड्यांवर भट्ट्या घालून आले आणि रस्त्यावर भाजून विकू लागले. "आणि एरवीही," त्या म्हणाल्या, "तेव्हा साध्या माणसाच्या घरात ओव्हन नसायचा. आगीची भीती. कित्येक ठिकाणी गावाचा एक कॉमन ओव्हन. बायका घरी पीठ मळायच्या आणि तिथे भाजायला न्यायच्या."

"म्हणजे मेरी अक्कांचा डिसेंबर," माझी बायको सुशीला आतून म्हणाली.

"गाडीवरची भट्टी कशाची होती? विटांची?" मी विचारलं.

"ते चित्रात कळत नाही. खरं सांगायचं तर नक्की कुणालाच माहीत नसावं."

मला तेवढं पुरे होतं. कुणीतरी केलं होतं, म्हणजे होण्यासारखं होतं. बेंगळूरच्याच शिवाजीनगरच्या भंगारबाजारातून, ज्याला आम्ही गुजरी म्हणतो, एका मोडक्या गाडीचा आस, चाकं आणि खालचे पोलादी पाटे आणले, म्हणजे धक्के कमी बसतील. वर लोखंडी चौकट ठोकली, आणि मी आणि माझा जोडीदार गवंडी मुनियप्पा यांनी तिच्यावर अप्पांच्या पद्धतीने विटांची छोटी भट्टी बांधली. दिसायला सुरेख झाली. दहा दिवस जाळ देऊन वाळवली. मग ढकलून पाहिली. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक खड्डा आहे. चाक त्यात उतरलं आणि आतून आवाज आला, सुपारी फुटावी तसा. मुनियप्पाने वाकून बघितलं आणि टोपी काढली. घुमट मधोमध उभा चिरला होता.

मी अक्कांना सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "सरी, बरं. आता दुसरी कशी करणार?" जमलं नाही हे वाक्य त्या बाईला ऐकूच येत नसे.

दिवाळी झाली आणि पाडायचा दिवस आला. घरमालकाची माणसं घण घेऊन आली होती. मी त्यांना म्हटलं, "बाकी तुम्ही पाडा, भट्टी मी पाडतो." परक्याने पाडावी असं वाटेना.

आयुष्यात मी पुष्कळ भट्ट्या पाडल्या, पण अप्पांची ही पहिलीच. घुमटाच्या माथ्यावरची मधली वीट काढली की बाकीच्या सैल होतात. ती काढली. आतल्या विटा काळ्या, काचेसारख्या तकतकीत झालेल्या. सांधे जागोजागी तडकलेले. मग मागच्या बाजूची वीट उपसली आणि थांबलो. विटांच्या पाठीमागे अप्पांनी मातीचा जाड लेप दिला होता. माती, गवताचे तुकडे, शेण. तिच्यात हात रोवून दाबल्याच्या खुणा होत्या. चार बोटं, आणि त्यातलं मधलं अर्धं.

अप्पांचं मधलं बोट फरशी कापायच्या यंत्रात गेलं होतं, मी शाळेत असताना. माझ्या लग्नाआधीच ते वारले. त्यांचा फोटो एकच, तोही कुणाच्या तरी मुंजीतला, त्यात हात दिसत नाहीत. मी आपला हात त्या खुणेवर ठेवला. माझं मधलं बोट पुढे उरलं. घणवाली माणसं बाहेर ताटकळली होती. अक्का दारात उभ्या होत्या, त्या त्यांना कन्नडमध्ये म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबा. ते वडिलांशी बोलतायत."

तो लेप काढून ठेवता येईल का ते मी पाहिलं. नाही आला, हातात चुरा झाला. पण काढता काढता लक्षात आलं. इतक्या वर्षांत विटांचे सांधे सगळे तडकले होते आणि हा मातीचा लेप कुठेही चिरला नव्हता. वीट अडून बसते. गवत घातलेली माती जरा हलते, जरा देते, आणि परत बसते. गाडीवर विटा चालणारच नव्हत्या.

घरी येऊन ती झेरॉक्स भिंगाखाली धरली. चित्रातला घुमट वर जरा चपटा, कडेला फुगीर. उलट्या टोपलीसारखा. चित्रकाराच्या मनात काय होतं देव जाणे, मला मात्र टोपलीच दिसली.

बांबू बाजारात मेदार बायका बुरडकाम करतात. त्यांच्यातल्या एका म्हातारीकडून मी तीन फूट रुंद टोपली विणून घेतली, एका बाजूला दार सोडून. तिने विचारलं, "कोंबड्यांना?" मी म्हटलं, "केकला." तिला मी वेडा वाटलो असेन. ती टोपली गाडीवर पालथी घातली, खाली मीठ, काच, वाळू आणि वर सपाट विटांची जमीन. मग टोपलीवर मातीचे गोळे थापायला बसलो. बेळ्ळंदूरच्या तळ्याकडची चिकट काळी माती, तेव्हा तिकडे शेतं होती, कुणीही गोणीभर नेऊ द्यायचं. गवत, शेण, थोडा गूळ. अक्का रोज यायच्या आणि माझ्याबरोबर थापायच्या. सुशीला यायची. देशपांडे बाई कॉलेजातून आल्या की साडी खोचून बसायच्या. नखांत माती घेऊन उद्या वर्गावर कशी जाऊ म्हणायच्या आणि जायच्या. वीतभर जाडीचं कवच झालं. पहिल्या जाळात आतली टोपली जळून गेली आणि मातीचा घुमट आपल्या पायावर उभा राहिला. गाडी त्याच खड्ड्यातून नेली. काही आवाज आला नाही. परत नेली. मुनियप्पाने टोपी काढली नाही.

डिसेंबरमध्ये गाडी गल्लीतल्या शाळेच्या मैदानात झाडाखाली लावली. मुख्याध्यापकांनी नाताळच्या सुट्टीपुरती परवानगी दिली. अक्का आता जवळच एका खोलीत राहत होत्या. पहिल्या दिवशी किती डबे येतील याची त्यांनाच खात्री नव्हती. सकाळी त्यांनी चारदा चष्मा पुसला. दहाच्या सुमारास पहिली बाई आली. मग रांग लागली. बेकरीतला बाक कुणीतरी आठवणीने आणला होता. तीन दिवस भट्टीने एकही केक बिघडवला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, मद्रासकडे समुद्रात वादळ झालं की आमच्याकडे येते ती बारीक भुरभुर सुरू झाली. बघता बघता ती वाढली. भट्टीत त्या वेळी अठरा केक होते, निम्मे भाजलेले. घुमटावर थेंब पडले की वाफ निघत होती. कच्ची माती, जेमतेम महिन्याची, आत तापलेली आणि वरून गार पाणी. मला सुपारी फुटल्याचा आवाज आधीच ऐकू यायला लागला. झाडाखाली पानांतून उलट मोठे थेंब गळत होते. वर ताडपत्री टाकावी तर धुराड्याशी ती वितळणार.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कम्युनिटी हॉलचं मोठं पोर्च होतं. दोनशे पावलं. पण भाजत असलेला केक मध्येच हलवला की खचतो, हे त्या बाकावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मी अक्कांकडे बघितलं. अठरा घरांचे काजू, मनुका, महिनाभर रममध्ये मुरवलेला मेवा आत होता.

"अक्का, काय करू? डबे वाचवायचे की भट्टी?"

अक्का बायकांकडे वळल्या. "केक बसला तर बसला," त्या म्हणाल्या. "भट्टी बसली तर मी बसले. चला, हात लावा."

मग एक जाड्या बाई, ज्या रोज सगळ्यांशी भांडायच्या, उठल्या आणि त्यांनी आपली छत्री उघडून घुमटावर धरली. मग दुसरीने धरली. दहा-बारा छत्र्या झाल्या. मी आणि मुनियप्पा दांड्याला, मागून चार बायका, देशपांडे बाई चाकापुढचे दगड काढत. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. तापलेली भट्टी, वर छत्र्यांचं छप्पर, छत्र्यांतून वाफ, आणि बाजूने दोन्ही हात पसरून चालणाऱ्या अक्का, जणू वरात चाललीय. वाटेत एक गतिरोधक होता. तिथे सगळ्यांनी मिळून दांडा उचलला आणि एकेक चाक बाळाला उतरवावं तसं उतरवलं. कुणीतरी कन्नडमध्ये ओरडत होतं, "मेल्लगे, मेल्लगे." हळू, हळू.

पोर्चमध्ये पोचल्यावर मी घुमटाला कान लावला. काही नव्हतं. फक्त आतून केकचा वास येत होता.

अठरापैकी अकरा केक मध्ये खचले. अक्का खाली बघत एकेक डबा हातात देत होत्या. त्या जाड्या बाईंनी आपल्या खचलेल्या केकमध्ये बोट घालून बघितलं आणि म्हणाल्या, "खड्डा पडलाय. बरं झालं, क्रीम भरायला जागा झाली." मग सगळ्या हसायला लागल्या, आणि अक्का पोर्चच्या पायरीवर बसून चष्मा काढून रडल्या.

इथे हे थांबवलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण पुढचं सांगितलं नाही तर ते खोटं होईल.

जानेवारीत अक्कांची ती खोलीही सुटली. त्यांचा धाकटा भाऊ देवनहळ्ळीजवळ शेती करायचा, द्राक्षं आणि चकोता, म्हणजे ते मोठे पपनस. तो म्हणाला, इकडे ये. अक्का भट्टी घेऊन निघाल्या. ट्रॅक्टरमागे गाडी बांधून हळूहळू न्यायची ठरली.

"राव, तुम्ही बरोबर चला," त्या म्हणाल्या. "वाटेत काही झालं तर मला काय कळणार? नेऊन बसवून द्या."

त्याच आठवड्यात मला एक मोठं काम मिळालं होतं. बेळ्ळंदूरकडे एका नव्या कंपनीचं कँटीन होत होतं, तिथे पोलादी, विजेवरच्या भट्ट्या बसवायच्या. तोवर मला कळून चुकलं होतं की विटांचे दिवस भरत आले. ज्या कामाने पुढची वीस वर्षं घर चाललं ते हेच. मी अक्कांना म्हटलं, "पुढच्या आठवड्यात नक्की येतो."

त्या एकट्याच गेल्या. मी पुढच्या आठवड्यात गेलो नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

पावसाळ्यानंतर एक पोस्टकार्ड आलं, कन्नडमध्ये, गोल गोल अक्षरात. भट्टीला मागच्या बाजूला तडा गेलाय, बोट जातं. मी ते खिशात ठेवलं, कामावर दाखवलंसुद्धा, की बघा, माझी गिऱ्हाइकं मला किती मानतात. दोनेक महिन्यांनी दुसरं आलं. तडा वाढलाय, आता हात जातो. मी सुशीलाला म्हटलं, रविवारी जायचं. रविवारी कँटीनचा एक ओव्हन बंद पडला. त्यानंतर पत्र आलं नाही. पत्र येत नाही म्हणजे सगळं ठीक असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो, आणि जितके दिवस जात होते तितकं तोंड दाखवणं अवघड होत होतं. देशपांडे बाईंची पुण्याला बदली झाली. निघताना त्यांनी विचारलं, "अक्का कशा आहेत?" मी म्हटलं, "छान."

दीड वर्षाने गेलो. देवनहळ्ळीला बसमधून उतरलो, किल्ल्याच्या भिंतीवरून पुढे कच्च्या रस्त्याने विचारत विचारत चालत गेलो. पिशवीत मातीत घालायचा गूळ, थापी आणि ओळंबा घेतला होता. काय सापडेल याची मनात तयारी करत होतो. पडलेला घुमट, गंजलेली चाकं. कदाचित अक्काच नसतील.

मळ्याच्या बांधावरून आधी धूर दिसला.

चकोत्याच्या झाडाखाली गाडी उभी होती. तिच्यावर जो घुमट होता तो मी बांधलेला नव्हता. एका बाजूला फुगलेला, दुसऱ्या बाजूला दबलेला, धुराडं तिरकं. मातीवर सगळीकडे पंज्यांचे ठसे, लहान-मोठे, बांगड्यांच्या कडांसकट. समोर सात-आठ बायकांची रांग होती. मळ्यांत काम करणाऱ्या बायका. कुणाच्या डब्यात नाचणीची बिस्किटं, कुणाकडे रताळी, कुणाकडे भुईमूग, एकीकडे घरी मळलेलं बनचं पीठ. आणि तोंडाशी अक्का, फळी हातात, आणखी बारीक झालेल्या, चष्मा मात्र नवा.

त्यांनी मला बघितलं. फळी तशीच धरून म्हणाल्या, "बन्नी, राव. या."

"अक्का," मी म्हटलं, "माझं चुकलं."

"पत्रं मिळाली होती?"

"मिळाली."

त्यांनी मान हलवली. दोन डबे बाहेर काढले, दोन आत सारले. मग म्हणाल्या, "तडा वाढला, त्यात हात जायला लागला. म्हटलं, आता आपणच हात घालावा. या सगळ्या आल्या मदतीला. तुम्ही थापत होता तेव्हा मी बघितलं होतंच. टोपली यांनीच विणली. पहिली पडली, दुसरी उभी राहिली. आठवड्याच्या संतेला, बाजाराला, नेतो आम्ही हिला. बैल जोडून."

मी भट्टीभोवती फिरून आलो. धंद्याची खोड जात नाही. चुका बोटांवर मोजल्या. सगळ्यात मोठी चूक तोंडाची. ते घुमटाच्या मानाने फार उंच होतं, निम्मी धग तिथूनच जाणार. मी पिशवीतून थापी काढली. "तोंड स्वल्प उंच झालंय, अक्का. आता आलोच आहे तर तासाभरात उतरवून देतो."

"बेडा, राव," त्या म्हणाल्या. नको. "उंच आहे म्हणून यांना वाकावं लागत नाही. दिवसभर मळ्यात वाकलेल्याच असतात."

मी थापी परत पिशवीत ठेवली.

"काही खाणार ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी फळीने रांगेचा शेवट दाखवला. "मग उभे राहा. इथे सगळे रांगेतच येतात."

मी रांगेत उभा राहिलो. पुढच्या बाईने मागे वळून माझे रिकामे हात बघितले आणि आपल्या डब्यातली दोन रताळी माझ्या हातात दिली, माझी म्हणून भाजायला. अर्ध्या तासाने माझा नंबर आला. अक्कांनी ती घेतली, आत सारली, आणि भाजून झाल्यावर एका पानावर ठेवून दिली, जशी बाकीच्यांना दिली तशीच. मी भट्टीच्या उबेला पाठ लावून बसलो आणि संध्याकाळच्या बसपर्यंत तिथून उठलो नाही. कुणी मला काही करायला सांगितलं नाही. निघताना अक्का म्हणाल्या, "पुन्हा या." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं आणि मीही मनापासून हो म्हटलं होतं. पुन्हा गेलो नाही. का, ते मला आजवर नीट सांगता येत नाही. तिथे माझ्याकरता काम नव्हतं, आणि कामाशिवाय कुणाकडे कसं जायचं हे मला आयुष्यात शिकायला मिळालं नाही.

पुढे मी पुष्कळ पोलादी ओव्हन बसवले. बटण दाबलं की तापतात, दाबलं की निवतात. त्यांत खोट काही नाही.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा सुशीलाने विचारलं, "काय हो, झाली का दुरुस्ती?" मी म्हटलं, "लागलीच नाही." तिने धुवायला शर्ट मागितला. त्याला सुरूच्या धुराचा आणि भाजलेल्या रताळ्याचा वास होता. उद्या देतो म्हटलं, आणि तो उद्या मी बरेच दिवस पुढे ढकलला.